गाभण शेळ्या आणि नवजात करडं: लस आईला कधी, करडाला कधी?

माळरान_धाराशिव

राम राम मंडळी. उस्मानाबादी जातीच्या २२ शेळ्या आणि पैदाशीचा एक बोकड आहे. १६ शेळ्या घरच्याच पैदाशीच्या, ६ या वर्षी बाजारातून आणलेल्या. घरच्या शेळ्यांना मागच्या जूनमध्ये आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष होणाऱ्या रोगाची) लस झाली आहे आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणू साथरोगाची) लस होऊन दोन वर्षं झाली. बाजारच्या सहांना आधी काय टोचलंय, काही माहिती नाही.

सध्या ९ गाभण आहेत. त्यातल्या चार घरच्या, त्यांना चार महिने होत आले. बाकी पाच दोन-अडीच महिन्यांच्या, त्यात दोन बाजारच्या. या आठवड्यात तीन व्यायल्या, मिळून पाच करडं. त्या तिघींत दोन बाजारच्या.

विचारायचं असं:

१) करडांना पहिल्या आठवड्यातच ईटी, म्हणजे आंत्रविषाराची लस, टोचा असं औषध दुकानदार म्हणतो. दवाखान्यातल्या तक्त्यावर चार महिने लिहिलंय. खरं काय धरायचं?
२) चार महिन्यांच्या गाभण शेळीला सुई टोचली तर गाभ जाईल का? घरचे नको म्हणतात.
३) बाजारच्या शेळ्यांचं कुठून सुरू करायचं?
४) पाऊस तोंडावर आहे. सगळ्या लसी एकाच दिवशी उरकल्या तर चालतील का?

---

पशुवैद्य_बालाघाट

तुमच्या पहिल्या प्रश्नात बाकीच्यांची उत्तरं दडलेली आहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो.

शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक घटक गर्भात जात नाहीत. माणसाचं मूल आईकडून थोडीफार शिदोरी घेऊन जन्मतं, करडू मात्र पूर्ण रिकाम्या हाताने येतं. त्याला जे काही मिळायचं ते पहिल्या चिकातून. आणि चिकात काय असणार? आईच्या रक्तात जे तयार आहे तेच. व्यायच्या आधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत शेळीच्या रक्तातले हे घटक कासेत उतरून साठायला लागतात. म्हणून नवजात करडाची आंत्रविषाराची आणि धनुर्वाताची लस खरं तर आईला टोचायची असते, तीही व्यायच्या ३ ते ४ आठवडे आधी. करडाला स्वतःची लस नंतर.

हिशेब असा धरा. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा, पाच दिवस मागेपुढे. १० जानेवारीला लागवड झाली (शेळीला बोकड लागला) असेल तर व्यायची तारीख ९ जूनच्या आसपास. त्या शेळीला १२ ते १९ मे या आठवड्यात ईटीचा डोस द्यायचा. यापूर्वी नियमित लस झालेल्या शेळीला एवढा एक डोस पुरतो. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या शेळीला मात्र दोन डोस लागतात, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे पहिला साधारण ९० व्या दिवशी, दुसरा १२० व्या दिवसाच्या आसपास. पहिल्या डोसने शरीर फक्त रोगाची ओळख करून घेतं. चिकात भरपूर उतरण्याइतकी ताकद दुसऱ्या डोसनंतर येते. बाजारच्या शेळ्यांना एकच डोस देऊन थांबण्याची चूक सर्रास होते.

आता तुमचा कळप बघू.

चार महिन्यांच्या चार घरच्या शेळ्या: याच आठवड्यात ईटी द्या. आणखी पंधरा दिवस गेले तर लस वाया जाणार नाही, पण या वेताच्या चिकात तिचा वाटा कमी पडेल.

दोन-अडीच महिन्यांच्या पाच: इथे पावसाचं वेळापत्रक आणि वेताचं वेळापत्रक जुळत नाही. पहिल्या पावसानंतरचा कोवळा, लुसलुशीत चारा खाऊन आंत्रविषार येतो, म्हणून शेळीच्या स्वतःच्या संरक्षणासाठी डोस मे महिन्यात हवा. चिकासाठी डोस १२० व्या दिवशी, म्हणजे जुलैत हवा. दोन्ही द्या. घरच्या तिघींना जुलैचा डोस जादा वाटेल, पण या लसीचं संरक्षण मेंढीपेक्षा शेळीत लवकर ओसरतं. जास्त खुराकावरच्या कळपात सहा महिन्यांनी ही लस द्यावीच लागते. बाजारच्या दोघींना मे महिन्याचा पहिला डोस, ३ ते ४ आठवड्यांनी दुसरा आणि १२० व्या दिवसाच्या सुमाराला तिसरा. दुसरा आणि तिसरा फार जवळ येत असतील तर पहिला-दुसरा यांतलं अंतर सहा आठवड्यांपर्यंत ताणून दोनच डोसांत बसवता येतं, पण मग पावसाच्या सुरुवातीला त्यांना कोवळ्या चाऱ्यावर सोडू नका.

गाभ जाण्याबद्दल: आंत्रविषार आणि धनुर्वात या लसींत जिवंत जंतू नसतो, निष्प्रभ केलेलं विष असतं. त्याने गाभ जात नाही. गाभ जातो तो पकडापकडीने. शेळीला कोपऱ्यात दाबणं, मागचा पाय धरून ओढणं, पोटावर गुडघा देणं, भर दुपारी पळवणं, यातून नुकसान होतं आणि बोल लसीला लागतो. सकाळी दहाच्या आत, सावलीत, खुराकाच्या गव्हाणीवर तोंड असताना टोचा. व्यायला आठवडा-दहा दिवसच उरले असतील तर हात लावू नका.

पीपीआर आणि देवी या लसी जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूच्या असतात. पीपीआरची लस गाभणकाळात सुरक्षित मानली जाते, तरी शेवटच्या महिन्यात ती देऊ नये, व्याल्यावर महिन्याने द्यावी. तुमच्या घरच्या शेळ्यांना दोन वर्षं झालीत, लसीचं संरक्षण तीन वर्षं टिकतं, म्हणजे पुढच्या वर्षी पाळी येईल. कायमचा सोपा उपाय म्हणजे पाटीला (अजून न व्यालेल्या तरुण शेळीला) पहिल्यांदा बोकड दाखवायच्या आधीच पीपीआर करून टाकणं. मग पहिल्या दोन-तीन वेतांना हा प्रश्नच उरत नाही.

---

लस_आणि_सुई

दुकानदार आणि तक्ता, दोघेही अर्धं बरोबर आहेत. शासकीय तक्त्यात दोन ओळी असतात: आईला लस झाली असेल तर करडाला चौथ्या महिन्यात, आईला झाली नसेल तर पहिल्या आठवड्यात, आणि १५ दिवसांनी बूस्टर. लोक एकच ओळ वाचतात.

पण पहिल्या आठवड्यातल्या डोसवर विसंबू नका. त्या वयात करडाचं शरीर लसीला फारच तोकडा प्रतिसाद देतं. आईला लस झालेली असेल तर आणखी एक अडचण, चिकातून आलेले घटक लसीलाच निष्प्रभ करतात. डोस टोचला, वहीत नोंद झाली, संरक्षण मात्र शून्य.

तुमच्या पाच करडांचं असं करा. घरच्या शेळीच्या करडांना ३ महिने पूर्ण झाल्यावर ईटीचा पहिला डोस, ३ ते ४ आठवड्यांनी दुसरा. तिच्या लसीला वर्ष होत आलंय, त्यामुळे चिकातलं संरक्षण थोडं कमी धरा आणि तीन महिन्यांच्या पुढे अजिबात ढकलू नका. बाजारच्या दोघींच्या करडांना लस न झालेल्या आईची करडं समजा. त्यांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक, त्यानंतर ३ ते ४ आठवड्यांनी दुसरा आणि तीन महिन्यांचे झाल्यावर तिसरा. पहिल्या आठवड्यात कुणी टोचला असेल तर तो हिशेबात धरू नका, पुढचे तीन तसेच द्या.

पीपीआर: पुस्तकात ३ महिने असतं. आईला लस झाली असेल किंवा तिला तो रोग येऊन गेला असेल तर करडात आईकडचे घटक साडेतीन महिन्यांपर्यंत टिकतात, म्हणून ४ महिने पूर्ण झाल्यावर दिलेली लस जास्त खात्रीची. आजूबाजूला साथ असेल तर निर्णय डॉक्टरांवर सोडा. १ मिली, कातडीखाली, वयाने आणि वजनाने डोस बदलत नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्याच लसींना लागू आहे. ‘करडू लहान आहे, अर्धाच टोचू’ हे औषधाचं गणित आहे, लसीचं नाही. लेबलवर करडासाठी वेगळा डोस छापला नसेल तर १० किलोच्या करडाला आणि ४० किलोच्या बोकडाला सारखाच डोस. ईटी, घटसर्प, लाळ-खुरकूत यांचे डोस मात्र कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा मागच्या वर्षी किती दिला होता यावर जाऊ नका, हातातल्या बाटलीवरचं वाचा.

एकाच दिवशी सगळं उरकू नका. दोन लसींत २ ते ३ आठवडे ठेवा. आधी जंतनाशक, ८ ते १० दिवसांनी ईटी, पुढे तीन आठवड्यांनी घटसर्प. लाळ-खुरकूत शासनाच्या मोहिमेत येईल तेव्हा. जंतनाशक देताना नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नको, गर्भात व्यंग येतं. फेनबेंडाझोल चालतं. आणि आजारी, ताप असलेल्या किंवा हाडं वर आलेल्या शेळीला लस नको. आधी तिला सावरा.

---

शीतसाखळी_मराठवाडा

लस कोणती आणि कधी यावर वर चांगलं लिहिलंय. पण मे महिन्यात मराठवाड्यात बऱ्याच लसी गोठ्यापर्यंत पोचताना मरतात, त्याबद्दल.

ईटी, घटसर्प, लाळ-खुरकूत या लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. उन्हाने खराब होतात हे सगळ्यांना माहीत असतं. गोठल्या तरी तितक्याच खराब होतात हे फार कमी जणांना ठाऊक असतं. घरच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या खणात किंवा त्याला चिकटून बाटली ठेवली की ती गोठते. वितळल्यावर दिसायला बरी दिसते, पण तळाशी गुठळ्या बसतात, हलवून एकजीव होत नाहीत. अशी बाटली फेका. मधल्या खणात ठेवा, दारात नको, कारण दार दिवसभर उघडतं. आणताना थर्मासमध्ये बर्फ, बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये कागदाची किंवा कापडाची घडी.

पीपीआर आणि देवीची लस सुकवलेली असते, बाटलीच्या तळाशी पांढरी टिकली दिसते. सोबत द्रावण मिळतं. द्रावणही आधीपासून गार हवं. गरम द्रावण टिकलीवर ओतलं तर काम तिथेच संपतं. लस विरघळली की बाटली बर्फावर ठेवायची आणि दोन तासांत संपवायची. उरलेली संध्याकाळी, उद्या, शेजारच्याला, काहीही नाही. १०० डोसांची बाटली २२ शेळ्यांसाठी फोडणं म्हणजे पाऊण बाटली मातीत. गावातल्या चार-पाच जणांनी एक सकाळ ठरवून सगळे कळप एकाच फेरीत घ्या. दवाखान्यालाही ते सोयीचं पडतं.

टोचायचं असं:

बाटली प्रत्येक वेळी हलक्या हाताने उलटसुलट करा, साका खाली बसतो. न हलवता भरलेल्या सिरिंजमध्ये पहिल्या शेळीला नुसतं पाणी आणि शेवटच्या शेळीला नुसता साका जातो. त्या शेवटच्या शेळीलाच मोठी गाठ येते.

सुई मोठ्या शेळीला १८ किंवा २० गेजची, करडाला २० किंवा २२ ची, अर्धा ते पाऊण इंच लांबीची. बाटलीतून लस काढायला एक वेगळी सुई बुचातच खोचून ठेवा, म्हणजे जनावराला लागलेली सुई बाटलीत जात नाही. जनावरागणिक सुई बदला. ते जमत नसेल तर निदान गाभण शेळ्या आणि करडं यांना तरी नवी सुई.

जागा: पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे बरगडीवर जी सैल कातडी असते ती, किंवा मानेची बाजू. चिमटीत कातडी धरून उचला, तंबूसारखी पोकळी होते. सुई बरगडीला समांतर धरून त्या पोकळीच्या बुडाशी सरकवा. टोक आत गेल्यावर सिरिंज सहज हलली पाहिजे. अडली तर सुई कातडीच्या जाडीतच किंवा स्नायूत आहे. दट्ट्या दाबताना बोटांना ओलं लागलं तर सुई पलीकडून बाहेर आली आहे आणि लस केसांत गेली. हे काळ्या उस्मानाबादीवर डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं. त्या जनावराला पुन्हा द्यावी लागते.

स्पिरिटचा बोळा: पीपीआर आणि देवीच्या लसीआधी ओल्या स्पिरिटवर सुई टोचू नका. त्याने जिवंत लस मरते. जागा मळलेली असेल तर दुसरी निवडा, किंवा पुसून पूर्ण वाळू द्या. सिरिंज डेटॉलमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ करण्यानेही तेच होतं. उकळा आणि गार होऊ द्या.

टोचल्यावर अर्धा तास कळप समोर ठेवा. क्वचित एखादीला धाप लागते, तोंडाला फेस येतो, ती कोसळते. यावर अ‍ॅड्रेनालिन लागतं आणि ते टोचायला आलेल्या डॉक्टरांच्या पेटीत असायला हवं. सुरू करायच्या आधीच विचारून घ्या. एक-दोन दिवस अंगात कणकण, चारा कमी, दूध थोडं कमी, हे चालतं. सुपारीएवढी गाठ काही आठवड्यांत बसते. गरम, दुखरी, वाढत जाणारी गाठ मात्र घाण सुईची, ती दाखवा.

---

माळरान_धाराशिव

खूप उपयोगी पडतंय, आभार. दोन गोष्टी उरल्या. आईला लस दिली, पण करडाने चीक पोटभर प्यायला हे ओळखायचं कसं? जुळ्यांतलं एक नेहमी मागे राहतं. आणि आमच्याकडे वार पडेपर्यंत करडाला पाजत नाहीत, घरातल्या मोठ्यांचं तसंच म्हणणं असतं. दुसरं, नाळेचं काय करायचं, त्याचा धनुर्वाताशी संबंध असतो ना?

---

चीक_पहिला

वारेची वाट अजिबात पाहू नका. वार पडायला कित्येक तास लागू शकतात आणि करडाच्या आतड्याचं दार तोवर बंद होत जातं. जन्मल्याबरोबर आतडं चिकातले घटक जसेच्या तसे रक्तात घेतं. सहा तासांनी ही क्षमता बरीच घटते, बारा तासांनी थोडीच उरते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. त्यानंतर प्यायलेला चीक पोषण म्हणून चांगला, पण त्यातली लसीची कमाई रक्तात जात नाही. उलट करडू आचळाला लागलं की कळा येऊन वार पडायला मदतच होते. घरच्यांना हे सांगा, त्यांना पटण्यासारखं आहे.

माप: पहिल्या एक-दोन तासांत वजनाच्या किलोमागे ५० मिली, आणि चोवीस तासांत एकूण वजनाच्या किमान १० टक्के. उस्मानाबादीचं करडू दोन-सव्वादोन किलोचं धरलं तर पहिल्या पाजणीत १०० ते ११० मिली, दिवसभरात २०० ते २२५ मिली किंवा जास्त. त्याहून मोठं माप एका वेळी देऊ नका, चार-पाच पाजण्यांत विभागा.

व्याल्यावर कास कोमट पाण्याने पुसा, प्रत्येक सडातून दोन-तीन धारा जमिनीवर काढा. सडाच्या तोंडाशी चिकाचं बूच बसलेलं असतं, अशक्त करडाला ते फोडता येत नाही. तो दिवसभर सड चोखत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं पितोय. म्हणून चोखण्यावर जाऊ नका, पोट बघा. करडू उभं असताना बरगडीच्या मागे, पोटाखाली तळहात लावा. प्यायलेलं पोट भरीव आणि गोल लागतं. उपाशी पोट आत गेलेलं, कातडी सुरकुतलेली, तोंड गार आणि करडू पाठ कमानदार करून एका जागी उभं. जुळ्यांत मागे राहणाऱ्याला आधी पाजा, नंतर दांडगं सोडा.

जे ओढतच नाही त्याला चीक काढून बाटलीने. बाटलीनेही गिळत नसेल तर नळीने, पण नळी घालायला डॉक्टरांकडून एकदा हातोहात शिकून घ्या. श्वासनलिकेत गेली तर करडू तिथेच दगावतं. आणि गार पडलेल्या करडाच्या तोंडात काहीही ओतू नका. थर्मामीटर लावा. ३७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आधी ऊब, मग चीक. जन्मून पाच तासांहून जास्त झालेलं करडू गार पडलं असेल तर नुसत्या उबेनेही धोका असतो, कारण रक्तातली साखर संपलेली असते. त्याला डॉक्टरांकडून आधी ग्लुकोज.

चिकाचा साठा: लस झालेल्या, निरोगी, दोन-तीन वेतं झालेल्या शेळीचा पहिल्या दिवसाचा जास्तीचा चीक ५० ते १०० मिलीच्या लहान बाटल्यांत भरून, तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवा. नीट गोठलेला राहिला तर काही महिने टिकतो. वितळवताना बाटली हाताला सोसेल अशा गरम पाण्यात बुडवा. गॅसवर उकळलात तर खरवस होतो आणि प्रतिकारक घटक मरतात. शेळीचा नसलाच तर गायीचा ताजा चीक उपाशी राहण्यापेक्षा खूप बरा. फक्त गायीला शेळीची ईटी झालेली नसते, तेव्हा त्या करडाला लस न झालेल्या आईचं समजून लवकर लसीच्या रांगेत घ्या.

नाळ: संबंध थेट आहे. धनुर्वाताचा जंतू माती आणि लेंडीत असतो, ओली नाळ हा त्याचा आत जायचा रस्ता. नाळ आपोआप तुटली असेल तर बरं. फार लांब असेल तर पोटापासून दोन इंचांवर धाग्याने बांधून उकळलेल्या कात्रीने कापा. मग लहान तोंडाच्या बाटलीत टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ मुळापर्यंत बुडवा. कापसाने पुसल्याने भागत नाही, आयोडीन नाळेच्या पोकळीत शिरायला हवं. बारा तासांनी पुन्हा एकदा. हळद, राख, शेण काही लावू नका.

---

पशुवैद्य_बालाघाट

चीक आणि नाळ यांवर वर लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. धनुर्वाताबद्दल जोडतो. गाभण शेळीला ईटीच्या वेळीच धनुर्वाताचा टॉक्सॉइड (निष्प्रभ विषाची लस) वेगळ्या सिरिंजने मानेच्या दुसऱ्या बाजूला देता येतो. पहिल्यांदा घेणाऱ्या शेळीला त्याचेही दोनच डोस. परदेशी व्हिडिओंत ‘सीडीटी’ नावाची एकच लस दिसते, तिच्यात आंत्रविषाराचे सी आणि डी हे दोन प्रकार आणि धनुर्वात एकत्र असतात. आपल्याकडे ईटी म्हणून मिळणाऱ्या लसीत धनुर्वात असेलच असं समजू नका, लेबल वाचा.

बाजारच्या दोघींनी या आठवड्यात दिलेल्या करडांना चिकातून धनुर्वाताचं संरक्षण मिळालेलं नाही असं धरा. त्यांतल्या नरांचं खच्चीकरण करणार असाल तर त्या दिवशी डॉक्टरांकडून धनुर्वात प्रतिविष टोचून घ्या. ते लगेच काम करतं, पण दोन-तीन आठवडेच टिकतं. रबरी कडं लावण्यापेक्षा बर्डिझो चिमटा (कातडी न कापता आतली नस चिरडणारा) बरा. कडं लावलं की कातडी सडून गळेपर्यंत जखम राहते, आणि तशी हवा न लागणारी जखमच या जंतूला हवी असते.

---

माळावरची_शेळी

एक महत्त्वाचं राहिलं. ईटी केली तरी करडं हगवणीने जातात आणि लस बोगस म्हणून लोक पुढच्या वर्षी बंद करतात. कोणती हगवण कशाची, एवढं तरी ओळखा.

पहिल्या आठवड्यातली पांढरी-पिवळी पातळ हगवण बहुतेक घाणीतल्या जंतूंची, ओली जमीन आणि अपुरा चीक यांची. तिच्यावर ईटीचा उपयोग नाही. तीन आठवड्यांनंतर, विशेषतः दूध तोडायच्या सुमाराला, करडू जोर करून हगतं, शेपटी माखलेली, कधी रक्त किंवा शेंब, हे रक्ती हगवणीचं म्हणजे कॉक्सिडियाचं लक्षण. त्यालाही लस नाही, लेंडीतपासणी आणि औषध लागतं. जमीन कोरडी ठेवणं आणि गव्हाणी उंचावर टांगणं यानेच ती थांबते. आंत्रविषार वेगळा: कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट, भरपूर खाणारं करडू संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. जिवंत सापडलं तर मान मागे टाकलेली, झटके, दात खाणं, मोठ्या शेळीत पोटदुखी आणि पातळ, वासाची हगवण. मक्याचा भरडा, शिळा भात, लग्नातलं उरलेलं अन्न एकदम पोटात गेलं की हाच प्रकार. लस झालेल्या कळपातही भरडा एकदम वाढवला तर तो येऊ शकतो. वाढवायचा तर आठवडा-दहा दिवसांत थोडा थोडा.

मेलेलं करडू लगेच दवाखान्यात न्या. उन्हात चार-पाच तासांत आतडं कुजतं, मग शवविच्छेदनातून काही कळत नाही. रस्त्यात वेळ जाणार असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा.

बाजारातून आणलेली शेळी यापुढे थेट कळपात सोडू नका. नवीन जनावर २१ दिवस वेगळं. पीपीआर अंगात घेऊन आलेल्या शेळीत लक्षणं दिसायला साधारण ४ ते ६ दिवस, कधी दहा दिवसही लागतात. अशा शेळीला आल्या दिवशी लस टोचली की पाच दिवसांनी नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, आणि ‘लसीने रोग आला’ असं गावभर होतं.

---

माळरान_धाराशिव

समजलं. चार गाभण शेळ्यांचं उद्याच बघतो. शेवटचा प्रश्न, तीन बोकड बकरी ईदला विकायचेत. त्यांना ईटी देऊ का? आणि नोंद कशी ठेवू?

---

लस_आणि_सुई

विक्रीला महिन्यापेक्षा जास्त अवकाश असेल तर द्या, कारण विक्रीच्या आधी खुराक वाढतो आणि आंत्रविषार नेमका तेव्हाच येतो. बहुतेक लसींना कत्तलीआधी २१ दिवसांची अट असते, लेबलवर छापलेली असते. महिन्याच्या आत आलं असेल तर लस नको. संरक्षण तयार व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि गाठ दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं. त्याऐवजी भरडा हळूहळू वाढवा.

नोंदीला वही पुरते. शेळीचा बिल्ला क्रमांक (१२ अंकी टॅग असेल तर तोच), लागवडीची तारीख, त्यापुढे १२० वा आणि १५० वा दिवस आधीच लिहून ठेवा. लसीच्या रकान्यात लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, डोस आणि कोणत्या बाजूला टोचलं ते. रिकामी बाटली दोन-तीन आठवडे फेकू नका, काही बिघडलं तर दवाखान्यात पहिल्यांदा बॅच क्रमांकच विचारतात. बोकड बारा महिने कळपात मोकळा असेल तर लागवडीची तारीख सापडणार नाही. मग कासेवर लक्ष ठेवा: पाट व्यायच्या महिना-दीड महिना आधी कास धरायला लागते, जुनी शेळी त्याहून उशिरा. जुन्या शेळ्यांत कासेची वाट पाहिली तर डोस हुकतो, त्यासाठी बोकड वेगळा बांधून दीड महिन्याच्या ठरावीक काळातच सोडा. सगळ्या शेळ्या मग दोन टोळ्यांत व्यायला येतात आणि एका बाटलीत एक टोळी उरकते.